सोळाव्या वर्षीचे लायसन्स नेमके कोणत्या गाडीचे?

प्रश्न : माझ्या मुलाला सोळा वर्षे पूर्ण झाली असून माझ्या लेखी संमतीने त्याला बिनगिअरच्या दुचाकीचे शिकाऊ लायसन्स मिळाले आहे. तो घरातील ११० सीसीची स्कूटर घेऊन एकटाच शिकवणीला जातो. स्कूटरला गिअर नाही, लायसन्स आहे आणि हेल्मेटही तो घालतो. तरीही तो पकडला गेला तर शिक्षा आम्हाला होईल, असे शेजारी सांगतात. हे खरे आहे काय?

उत्तर : शेजाऱ्यांचे म्हणणे खरे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४ नुसार अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी सार्वजनिक जागी मोटार वाहन चालवता येत नाही. या नियमाला एकच सवलत आहे आणि ती वाहनाला गिअर आहे की नाही यावर नव्हे, तर इंजिनाच्या क्षमतेवर ठरते : सोळा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी चालवता येते. पालकांची लेखी संमती मागणाऱ्या कलम ७ मध्ये मात्र ‘बिनगिअरची मोटारसायकल’ असे शब्द आहेत आणि बहुतेकांचा घोटाळा तेथेच होतो. दोन्ही कलमे एकत्र वाचली, तर मुलाच्या हातातील लायसन्स ५० सीसीच्या पुढे जात नाही. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक पेट्रोल स्कूटर १०० ते १२५ सीसीच्या असल्यामुळे ही सवलत बऱ्याच अंशी कागदावरच उरली आहे, हे आमचे मत आहे. पण कायदा बदलेपर्यंत तो जसा आहे तसाच पाळावा लागेल.

दुसरी चूक आपल्या पत्रातच आहे. शिकाऊ लायसन्सवर एकट्याने गाडी चालवता येत नाही. त्या वाहनाचे वैध लायसन्स असलेली शिकवणारी व्यक्ती सोबत हवी, गरज पडल्यास वाहन थांबवता येईल अशा जागी ती बसलेली हवी आणि दुचाकीवर तिच्याखेरीज अन्य कोणालाही मागे बसवता येत नाही. शिकवणीच्या वाटेवर मित्राला मागे घेण्याची मुलांची सवय पाहता हा नियम मुलाला स्पष्ट शब्दांत सांगावा.

आता शिक्षेविषयी. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या कलम १९९-अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने या कायद्याखालील गुन्हा केल्यास त्याचे पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत शिकाऊ किंवा पक्के, कोणतेही लायसन्स मिळू शकत नाही. अल्पवयीन चालकाकडे लायसन्स असेल आणि त्या लायसन्सने परवानगी दिलेलेच वाहन तो चालवत असेल, तर पालकांना या कलमाची झळ लागत नाही. ११० सीसीची स्कूटर त्या परवानगीत बसत नसल्यामुळे आपल्याला ही सूट मिळणार नाही.

प्रश्न : माझा पुतण्या सतरा वर्षांचा आहे. त्याने मला न विचारता माझी मोटारसायकल नेली आणि एका पादचाऱ्याला धडक दिली. किल्ली मी दिलेली नसताना जबाबदारी माझी कशी?

उत्तर : मुलाने वाहन नेले ते पालकाच्या किंवा मालकाच्या संमतीनेच, असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे कायदा सांगतो. त्यामुळे संमती नव्हती हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो. गुन्हा आपल्या नकळत घडला किंवा तो टाळण्यासाठी शक्य ती सर्व काळजी आपण घेतली होती, हे दाखवता आले तर सुटका होऊ शकते. मात्र किल्ली रोज दाराजवळच्या खुंटीला लटकत असेल आणि पुतण्याने पूर्वीही गाडी नेल्याचे घरात सर्वांना ठाऊक असेल, तर नुसते ‘मी दिली नव्हती’ हे उत्तर पुरेसे पडणे कठीण आहे.

नुकसानभरपाईचा प्रश्न याहून वेगळा आहे. चालकाकडे वैध लायसन्स नसणे हा विमा कंपनीला उपलब्ध असलेला बचाव आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वरणसिंग प्रकरणातील निकालानंतर अशा प्रसंगी कंपनीने जखमी व्यक्तीला आधी भरपाई द्यावी आणि मग ती रक्कम मालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालये देत आली आहेत. विमा भरलेला आहे म्हणून निर्धास्त राहू नये. प्रकरण न्यायालयात जाण्यापूर्वीच वकिलाचा सल्ला घ्यावा.

प्रश्न : मी पंधरा वर्षांची आहे. विजेवर चालणाऱ्या स्कूटरला लायसन्स लागत नाही, असे दुकानदार म्हणतात. ती मी चालवू शकते का?

उत्तर : सर्व विद्युत स्कूटरना हे लागू नाही. मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तसेच मान्यताप्राप्त संस्थेने ते मॉडेल तपासून प्रमाणित केलेले असेल, तरच ते कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन ठरत नाही आणि त्याला लायसन्स वा नोंदणी लागत नाही. ते प्रमाणपत्र दुकानदाराकडे आवर्जून मागावे. खरेदीनंतर वेगाची मर्यादा ‘काढून’ घेतली, तर ही सूटही गेली.

प्रश्न : येत्या महिन्यात मला अठरा वर्षे पूर्ण होतील. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवसापासून वडिलांची कार चालवता येईल का?

उत्तर : शिकाऊ लायसन्स हाती आल्यानंतर, शेजारच्या आसनावर वैध लायसन्सधारक असताना आणि वाहनाच्या पुढे-मागे लाल रंगातील ‘एल’ची पाटी लावून चालवता येईल. त्यासाठी वाहतुकीच्या नियमांवरील आणि चिन्हांवरील प्रश्नांची चाचणी द्यावी लागते. हे लायसन्स सहा महिने चालते. पक्क्या लायसन्सची वाहन चालवण्याची चाचणी मात्र ते मिळून किमान तीस दिवस झाल्याशिवाय देता येत नाही. कार आणि गिअरची दुचाकी हे वेगवेगळे वर्ग असल्यामुळे दोन्ही चालवायच्या असतील तर अर्जात दोन्ही नमूद करावेत.