ऑलिंपियाड हा काळ, ऑलिंपिक ही स्पर्धा. मग एशियाड कोण?

एका वाचकांचा प्रश्न असा आहे: "पॅरिसच्या स्पर्धा चालू असताना काही ठिकाणी 'पॅरिस ऑलिंपिक' तर काही ठिकाणी 'पॅरिस ऑलिंपियाड' असे वाचले. त्याच सुमारास मुलगी शाळेतून गणित ऑलिंपियाडचा अर्ज घेऊन आली. आमच्या घरी तर 'एशियाड' म्हटले की वडिलांना अजूनही दादरहून पुण्याला सुटणारी एसटीच आठवते. हे शब्द एकमेकांचे कोण लागतात? ऑलिंपिक आणि ऑलिंपियाड समानार्थी मानावेत का, आणि मराठीत त्यांचे लिंग-वचन काय धरावे?"

मुळात हे दोन शब्द समानार्थी नाहीत. ऑलिंपिक हे स्पर्धेचे नाव आहे आणि ऑलिंपियाड हे चार वर्षांच्या कालखंडाचे. जगातल्या अनेक भाषांनी ही सीमा केव्हाच ओलांडलेली असल्यामुळे 'पॅरिस ऑलिंपियाड' लिहिणाऱ्या बातमीदाराला मी एकट्याला दोषी धरणार नाही. तरीही मूळ भेद समजून घेण्याजोगा आहे, कारण त्यावाचून ऑलिंपिकच्या अधिकृत क्रमांकांचा हिशेब लागत नाही.

दोन्ही शब्दांचा उगम ऑलिंपिया या गावात आहे. (ऑलिंपस पर्वताशी या गावाची गल्लत मराठी लेखनात वारंवार होते. पर्वत ग्रीसच्या उत्तरेला आहे, ऑलिंपिया दक्षिणेकडच्या पेलोपोनीजमध्ये. दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे 'ऑलिंपियन' हे बिरुद मिरवणारा झ्यूस देव, ज्याचे मोठे देवस्थान ऑलिंपियात होते.) तिथल्या उत्सवाची परंपरागत सुरुवात इसवी सनापूर्वी ७७६ मध्ये धरतात. एका उत्सवापासून पुढच्या उत्सवापर्यंतच्या चार वर्षांना ग्रीक लोक 'ऑलिंपियास' म्हणत; विभक्ती लागताना त्याचे अंग 'ऑलिंपियाद-' असे होई आणि आपल्यापर्यंत पोहोचलेला 'ड' त्या अंगातला आहे.

या शब्दाचे खरे मोल कालगणनेत होते. ग्रीसमधल्या प्रत्येक नगरराज्याचे पंचांग निराळे, महिन्यांची नावे निराळी, वर्षारंभही निराळा. अशा वेळी सर्वांना ठाऊक असलेली एकच मोजपट्टी म्हणून नंतरच्या इतिहासकारांनी ऑलिंपियाडचा आधार घेतला आणि 'अमक्या ऑलिंपियाडचे तमके वर्ष' अशी घटनांची नोंद होऊ लागली. सलामिसची आरमारी लढाई ७५ व्या ऑलिंपियाडच्या पहिल्या वर्षातली. सातशे शहात्तरातून चारचे चौऱ्याहत्तर हप्ते वजा केले की ४८० उरतात, आणि लढाईचे इसवी सनापूर्वीचे वर्षही तेच आहे. ही वर्षे उन्हाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चालत, त्यामुळे एका ग्रीक वर्षाला आपल्या आजच्या दोन सनांचे तुकडे लागतात. शालिवाहन शकाचे वर्ष चैत्रात बदलते, तेव्हा शकाचा सन काढताना आपल्यालाही हीच कसरत करावी लागते.

इथे एक गंमत नोंदवण्याचा मोह आवरत नाही. उत्सव दर चार वर्षांनी होत असला, तरी ग्रीक लोक त्याला 'पंचवार्षिक' अशा अर्थाचा शब्द वापरीत, कारण मोजताना ते दोन्ही टोके धरीत: ज्या वर्षी उत्सव झाला ते पहिले आणि पुढचा उत्सव ज्या वर्षी होईल ते पाचवे. मराठी माणसाला हे विचित्र वाटू नये. आपला आठवडा सात दिवसांचा असून नावात आठ बाळगतो, आणि 'आठ दिवसांनी या' असे सोमवारी सांगितले तर समोरचा मनुष्य मंगळवारी न येता सोमवारीच येतो.

आता आधुनिक काळाकडे वळू. ऑलिंपिक सनदेनुसार ऑलिंपियाड म्हणजे १ जानेवारीला सुरू होऊन चौथ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपणारी सलग चार वर्षे. पहिल्या ऑलिंपियाडच्या स्पर्धा १८९६ मध्ये अथेन्सला झाल्या. उन्हाळी स्पर्धांचे अधिकृत नाव आजही 'तेहेतिसाव्या ऑलिंपियाडच्या क्रीडास्पर्धा' अशा धर्तीचे असते आणि यजमान देशाचे प्रमुख उद्घाटनाचे जे वाक्य उच्चारतात, त्यातही आधुनिक युगातले अमुकावे ऑलिंपियाड साजरे करणाऱ्या स्पर्धा सुरू झाल्याचे जाहीर केले जाते. या ठरीव वाक्याला २०२१ मध्ये तोक्योत एक हळुवार मुरड पडली. महासाथीच्या सावटात सम्राट नारुहितो यांनी 'साजरे करणे' या अर्थाचा जपानी शब्द टाळून 'स्मरण करणे' या अर्थाचा शब्द योजला. त्यांचे आजोबा हिरोहितो यांनी १९६४ च्या तोक्यो स्पर्धांत 'साजरे करणे' हाच शब्द वापरला होता.

काळाला क्रमांक असल्यामुळे स्पर्धा झाली नाही तरी क्रमांक पुढे सरकतो. १९१६ च्या बर्लिनच्या स्पर्धा पहिल्या महायुद्धामुळे झाल्या नाहीत, पण सहावे ऑलिंपियाड येऊन गेले. १९४० आणि १९४४ मध्ये बारावे आणि तेरावे असेच रिकामे गेले. म्हणून १९४८ चे लंडन चौदावे. पॅरिसला २०२४ मध्ये ३३ वे ऑलिंपियाड होते, पण प्रत्यक्ष भरलेल्या उन्हाळी स्पर्धा मोजल्या तर ती तिसावी. 'पॅरिसला तेहेतिसावी ऑलिंपिक स्पर्धा झाली' हे वाक्य त्यामुळे तपासनिसाने थांबवावे असे आहे. उलट 'तोक्यो २०२०' हे नाव २०२१ मध्ये भरलेल्या स्पर्धांनाही कायम राहिले आणि क्रमांकही ३२ वाच राहिला. हिवाळी स्पर्धांचा हिशेब मात्र साधा आहे. तिथे प्रत्यक्ष भरलेल्या स्पर्धाच मोजतात. १९३६ ची गार्मिश-पार्टेनकिर्शेनची चौथी, मध्ये युद्धाची बारा वर्षे, आणि १९४८ ची सांक्ट मोरित्सची पाचवी. 'हिवाळी ऑलिंपियाड' हा प्रयोग म्हणूनच सनदेत बसत नाही.

वर्ष पुढे ढकलण्याची रीत प्राचीन काळापासूनची आहे. २११ वे ऑलिंपियाड इसवी सन ६५ मध्ये यायचे होते. रोमन सम्राट नीरोला स्वतः भाग घ्यायचा असल्याने उत्सव ६७ मध्ये घेतला गेला. रथाच्या शर्यतीत तो रथातून पडला, शर्यत पुरी न करताच विजयी घोषित झाला आणि त्याच्या मृत्यूनंतर तो उत्सव नोंदींतून रद्द झाला. ज्या उत्सवांचे यजमानपद दुसऱ्यांनी बळकावले होते, ते ऑलिंपियाच्या उत्सवाचे नेहमीचे यजमान असलेले ईलिस राज्याचे लोक मोजत नसत; त्यांना त्यांनी 'अनॉलिंपियास' असे नाव दिले होते. इसवी सनापूर्वी ३६४ चा १०४ वा उत्सव त्यांपैकी एक. या शब्दाच्या आरंभीचा 'अन्' आणि आपल्या अनादर-अनिच्छा या शब्दांतला 'अन्' एकाच घराण्यातले आहेत. आधुनिक काळात असाच मान १९०६ च्या अथेन्सच्या स्पर्धांना मिळाला आहे. त्या मोठ्या थाटात झाल्या, पदके वाटली गेली, पण ऑलिंपियाडच्या अधेमध्ये आल्यामुळे अधिकृत ऑलिंपिक म्हणून त्यांची गणना होत नाही. मराठीत त्यांना बेलाशक 'अनॉलिंपिक' म्हणावे.

काळाचे नाव सोहळ्याला चिकटणे ही प्रक्रिया आपल्याला परकी नाही. सिंहस्थ म्हणजे गुरू सिंह राशीत असण्याचा काळ. पण नाशिकला 'सिंहस्थाला जाऊन आलो' म्हणणारा मनुष्य मेळ्याबद्दल बोलत असतो. ऑलिंपियाडचेही असेच झाले. रशियनमध्ये, स्पॅनिशमध्ये, इटालियनमध्ये स्पर्धेलाच सर्रास ऑलिंपियाडचे तद्भव रूप वापरतात. रशियनने तर पुढची मजल मारली आणि विद्यार्थ्यांच्या ज्ञानस्पर्धांना हे नाव दिले; १९३४ मध्ये लेनिनग्राडला आणि त्यानंतरच्या वर्षी मॉस्कोत गणिताचे ऑलिंपियाड भरले. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड १९५९ मध्ये रुमानियात सुरू झाले आणि १९९६ मध्ये ते मुंबईतही भरले होते. ते दरवर्षी होते. बुद्धिबळ ऑलिंपियाड दोन वर्षांनी होते. २०२४ मध्ये बुडापेस्टला भारताच्या दोन्ही संघांनी सुवर्णपदके मिळवली, तेव्हा त्यांत नाशिकचा विदित गुजराथी आणि नागपूरची दिव्या देशमुख होती. म्हणजे या अर्थाने शब्द रूढ होताना त्यातली चार वर्षे पार गळून गेली. प्रश्नकर्त्यांच्या मुलीचा अर्ज त्यामुळे बिनचूक आहे. तिथे 'गणित ऑलिंपिक' लिहिणेच चूक ठरेल.

शब्दाचा इतका प्रसार झाला, तेव्हा त्याचे शेपूट सुटून स्वतंत्रपणे फिरू लागले. ग्रीकमध्ये '-आद' हा जुना प्रत्यय आहे. इलियन नगरीच्या काव्याचे 'इलियड' हे नाव त्यावरूनच पडले आणि दहा वर्षांचे 'डिकेड'ही त्याच प्रत्ययाचे. विसाव्या शतकात मात्र 'अनेक खेळांचा मोठा मेळावा' असा नवाच अर्थ त्याला चिकटला. स्पार्टाकस या बंडखोर गुलामाच्या नावावरून सोव्हिएत संघाने १९२८ मध्ये मॉस्कोला 'स्पार्टाकियाड' भरवले, विद्यापीठांच्या खेळाडूंसाठी १९५९ मध्ये तुरीनला 'युनिव्हर्सियाड' झाले, आणि आशियाई स्पर्धांना 'एशियाड' म्हणू लागले. या स्पर्धा दिल्लीला मार्च १९५१ मध्ये प्रथम झाल्या. १९८२ मध्ये त्या दिल्लीत परतल्या, त्या स्पर्धांचे बोधचिन्ह असलेला अप्पू हत्ती घरोघरच्या वह्यांवर आला आणि 'एशियाड' हा शब्द ज्याला खेळाशी काही कर्तव्य नाही त्याच्याही तोंडी बसला. एसटीच्या निमआराम गाड्यांना हे नाव पडले ते त्या स्पर्धांवरूनच. पुढे त्या सेवेला 'हिरकणी' हे अस्सल मराठी नाव मिळाले, तरी स्थानकावर 'एशियाड कुठे लागते?' असे विचारणारे प्रवासी पुष्कळ वर्षे भेटत होते. ऑलिंपिया गावातल्या देवस्थानाची एक खूण दादर-पुणे गाडीच्या नावात मुक्कामाला यावी, याहून अधिक लांबचा प्रवास केलेला प्रत्यय मला तरी मराठीत ठाऊक नाही.

लिंगाचा उलगडाही या गाडीतच आहे. परका शब्द मराठीत आला की त्याच्यामागे अध्याहृत असलेल्या मराठी नामाचे लिंग तो घेतो. 'एशियाड सुटली' मध्ये गाडी अध्याहृत आहे, म्हणून स्त्रीलिंग. 'दिल्लीचे एशियाड' मध्ये तसे नाम मनात नसते, म्हणून नपुंसकलिंग. 'ऑलिंपिक' हे मुळात विशेषण. 'ऑलिंपिक स्पर्धा' असे पुरे लिहिले, तर स्पर्धा हे स्त्रीलिंगी नाम सांभाळावे आणि अनेक खेळ असल्यामुळे 'ऑलिंपिक स्पर्धा झाल्या' असे अनेकवचन योजावे; नुसते 'ऑलिंपिक' नामासारखे वापरले तर 'यंदाचे ऑलिंपिक संपले' असे नपुंसकलिंगी एकवचन रूढ आहे आणि ते कानालाही बरे वाटते. इंग्रजीच्या अनुकरणाने 'ऑलिंपिक्स' लिहिण्याचे काही कारण नाही, कारण तो 'स' इंग्रजी अनेकवचनाचा आहे. 'ऑलिंपियाड' ग्रीकमध्ये स्त्रीलिंगी असले, तरी मराठीत ते नपुंसकलिंगी चालते आणि तसेच चालू द्यावे.

लेखनाबद्दल एवढेच, की 'स्पष्टोच्चारित अनुनासिकाबद्दल शीर्षबिंदू द्यावा' या नियमानुसार 'ऑलिंपिक', 'ऑलिंपियाड' ही रूपे मी पसंत करतो. परसवर्णाची, म्हणजे बिंदूऐवजी 'म्पि'सारखे जोडाक्षर लिहिण्याची, सवलत तत्सम शब्दांसाठी आहे आणि हे शब्द संस्कृतातून आलेले नाहीत. वर्तमानपत्रांत 'ऑलिम्पिक' बहुसंख्य आहे, हे मात्र मान्य करायला हवे.

कालमापनाचा मूळ अर्थ मराठीत अगदीच निरुपयोगी आहे असेही नाही. खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक जिंकले ते पंधराव्या ऑलिंपियाडमध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक जिंकले ते तेहेतिसाव्यात. मधली अठरा ऑलिंपियाडे म्हणजे बहात्तर वर्षे, म्हणजे आपल्या हिशेबाने सहा तपे.