टी-टेस्ट निवडताना

दोन सरासरींमधला फरक निव्वळ योगायोगाने पडू शकेल इतकाच आहे का, हे टी-टेस्टने तपासतात. तिचे प्रकार आहेत. टेस्ट कोणती ते नंतर, आधी डेटा कसा गोळा झाला ते बघ. दोन्ही गटांत माणसं तीच आहेत की वेगळी? तीच असतील तर पेअर्ड (जोडीची) टी-टेस्ट. याने किती फरक पडतो ते आर या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमधल्या 'स्लीप' डेटावर स्वतः करून बघ. 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहिणाऱ्या गॉसेटने १९०८च्या लेखात वापरलेला हाच डेटा: दहा रुग्ण, प्रत्येकाला दोन्ही औषधं, झोप किती तास वाढली. सरासरी ०.७५ आणि २.३३. गट वेगळे धरून चालवलंस तर पी (खरा फरक नसतानाही योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.०७९, पेअर्ड केलंस की ०.००२८. आकडे तेच! काहींची झोप दोन्ही औषधांनी भरपूर वाढली, काहींची जेमतेम. पेअर्डमध्ये प्रत्येकाची तुलना स्वतःशीच होते, त्यामुळे माणसामाणसातला हा फरक मधून निघून जातो.

गट खरंच वेगळे असतील तर सरळ वेल्च लाव, म्हणजे दोन्ही गटांचे व्हेरियन्स (आकड्यांचा पसारा) समान न धरणारी टी-टेस्ट. आधी व्हेरियन्स समान आहेत का हे तपासत बसण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. आरमध्ये वेल्चच डिफॉल्ट आहे. एक्सेलच्या टी-टेस्ट फंक्शनमध्ये मात्र टाइप ३ आठवणीने टाकावा लागतो.

नॉर्मॅलिटी (आकडे घंटेच्या आकाराच्या वक्रासारखे पसरलेत का)? पेअर्डमध्ये ती फरकांची बघायची, दोन कॉलमची नव्हे. आणि नुसता पी देऊन मोकळा होऊ नकोस. वरच्या डेटासाठी: फरक १.५८ तास, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकेल त्याचा अंदाज) ०.७० ते २.४६, असं लिही.