परवाना संपला, रायफल भिंतीवरच

ऑस्टिनमध्ये एच-१बी व्हिसावर नोकरी करणारे एक वाचक लिहितात : आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. त्यांची आठवण म्हणून गेल्या वर्षी बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातली १९४२ सालची ली-एनफिल्ड रायफल घेतली. त्या वेळी शिकारीचा परवाना काढला होता, तो ऑगस्टअखेर संपला. आता दुसरी जुनी रायफल घ्यायची आहे, त्याआधी परवाना नवा करावा का? आणि पहिली भारतात नेता येईल का?

दुसऱ्या रायफलीचं राहू द्या. आधी भिंतीवर टांगलेल्या पहिलीकडे बघा.

अमेरिकेच्या संघीय कायद्यातलं कलम ९२२ (जी)(५)(बी) तुमच्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक विकत घ्यायलाच नव्हे, जवळ बाळगायलाही मनाई करतं. काडतुसंही त्यात आली. तुमच्या कामाचा अपवाद एकच, तो म्हणजे चालू असलेला शिकारीचा परवाना. दुकानदार फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूक खरेदीचा संघीय फॉर्म, भरून घेताना तो मागतो, म्हणून सगळ्यांना वाटतं की तो खरेदीपुरताच लागतो. अशी पत्रं मला दर वर्षी येतात आणि दर वेळी गफलत हीच असते. रायफल तुमच्याकडे आहे तितके दिवस परवाना चालू हवा. टेक्सासचा शिकारीचा वार्षिक परवाना कधीही काढा, तो ३१ ऑगस्टलाच संपतो. म्हणजे १ सप्टेंबरपासून तुमचा ताबा बेकायदा आहे. २०२२ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षं झाली आहे, आणि दोषी ठरलात तर या देशातून काढलं जाण्याची टांगती तलवार वेगळीच. रायफलीची किंमत नीट चौकशी करून ठरवलीत, मग २५ डॉलरच्या परवान्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवायला काय हरकत होती?

‘कायदा माहीत नव्हता’ यावर विसंबू नका. २०१९ च्या रेहाइफ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की आपण मनाई असलेल्या वर्गात मोडतो हे आरोपीला माहीत होतं, असं सरकारने सिद्ध केलं पाहिजे. तिथे मुद्दा स्वतःच्या दर्जाच्या माहितीचा होता, कायद्याच्या माहितीचा नव्हे. आणि आपण एच-१बीवर आहोत हे तुम्हाला पक्कं माहीत आहे.

तेव्हा परवाना आजच काढा. ऑनलाइन मिळतो. त्याने आजपासूनचा ताबा नियमित होतो, मधले दिवस पुसले जात नाहीत. त्या दिवसांबद्दल फौजदारी आणि इमिग्रेशन दोन्ही जाणणाऱ्या वकिलाला भेटा, तेही ग्रीन कार्डचा पुढचा फॉर्म भरण्याआधी. तोवर कुणाला काही लिहून देऊ नका आणि जुने फोटो किंवा मेसेज पुसूही नका. तुमच्या प्रकरणात सरकार कारवाई करेल की नाही, हे मी इथून सांगू शकत नाही. रायफल पत्नीच्या नावावर करण्याचा सल्ला कुणी देईल, पण पत्नी एच-४वर, म्हणजे तुमच्यावर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर, असेल तर तिलाही हीच मनाई आहे.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मला तिचीच जास्त काळजी वाटते. नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांची मुदत मिळते. ती उलटून इथला मुक्काम बेकायदा ठरला की त्याच कलमातलं बेकायदा राहणाऱ्यांसाठीचं पोटकलम (ए) लागतं, आणि मग शिकारीचा परवानाही वाचवत नाही. रायफल कुणाकडे द्यायची ते आत्ताच ठरवून ठेवा : टेक्सासमध्येच राहणारा, नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक, आणि स्वतः बंदूक बाळगायला पात्र असलेला मित्र.

दुसरी घ्यायचीच असेल, तर १८९८ किंवा त्याआधी बनलेली शोधा. ती संघीय कायद्याच्या व्याख्येत ‘बंदूक’ ठरत नाही, टेक्सासच्याही नाही. मात्र मॉडेलचं साल म्हणजे बनावटीचं साल नव्हे. ‘मॉडेल १८९१’ मोसिन-नागांत ही रशियन रायफल पुढे कित्येक दशकं बनत होती. रिसीव्हर, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात तो मुख्य भाग, कधी बनला ते पाहायचं, आणि मोसिनमध्ये ती तारीख लाकडाखाली दडलेली असते. लुडविग लोव्हे, बर्लिन असा शिक्का असलेली चिलीच्या लष्करासाठी बनलेली माउझर रायफल नवख्याला सोपी, कारण ती सगळी १८९८ च्या आतली. तुमच्या ईशापूरच्या रायफलीला ही सवलत मिळणार नाही. ते मॉडेलच १९०७ चं.

भारतात न्यायचा विचार सोडा. तुमची रायफल पॉइंट ३०३ ची, आणि तिथे ती प्रतिबंधित बोअर (नळीचा मनाई असलेला व्यास) मानली जाते.