बॅटरी वाचवायला डिस्कवर उशिरा लिहायची सेटिंग लावावी का?

जुना लॅपटॉप, आत फिरती हार्डडिस्क, वर लिनक्स आणि त्यात दुकानाची बिलं, असं तुम्ही लिहिलंय. मग अजिबात लावू नका.

फाइल सेव्ह केली तरी ती आधी रॅममध्ये, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत, थांबते. लिनक्समध्ये ही मुदत सहसा ३० सेकंदांची. लॅपटॉप मोड, म्हणजे लिनक्समधली हीच उशिरा लिहायची सेटिंग, ती १० मिनिटांपर्यंत ताणू शकतो. तेवढा वेळ डिस्क फिरायची थांबते, बॅटरी वाचते. पण मध्येच लॅपटॉप बंद पडला तर तेवढं काम गेलं.

सोलापुरात आमच्या काकांच्या चादरीच्या दुकानात हेच झालं. बॅटरी ४० टक्के दाखवायची आणि एकदम शून्यावर यायची. भर दुपारी लाईट गेली, स्क्रीन काळी, शेवटची पाच बिलं गायब. कार्बन लावलेलं पावतीपुस्तक होतं म्हणून संध्याकाळी हिशेब जुळला.

चांगले डेटाबेस 'एफसिंक' वापरून नोंद तिथल्या तिथे डिस्कवर लिहून घेतात, त्यांची काळजी कमी. तुमची बिलं साध्या फाइलींत असतील तर मात्र जपा.

जमल्यास एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, बसवा. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे उशिरा लिहून वीज फारशी वाचतही नाही. तोवर स्क्रीनचा उजेड कमी ठेवा आणि तुमचीही बॅटरी काकांच्यासारखी दगा देत असेल तर आधी ती बदला.