बरगड्या मोडल्यावर दुखणं कसं सांभाळावं?

तुमच्या वडिलांच्या ७१व्या वर्षी तीन बरगड्या मोडल्या आणि डॉक्टरांनी प्लास्टर न घालता गोळ्या देऊन घरी पाठवलं, हे बरोबर का, असं तुम्ही विचारलंय. प्लास्टर न घालणं बरोबर आहे. श्वासागणिक छाती हलते, तिथे प्लास्टर घालता येत नाही. पण या वयात तीन बरगड्या मोडल्या तर बऱ्याचदा रुग्णालयात ठेवून लक्ष ठेवतात, म्हणून घरी ठेवणं चालेल का, हे डॉक्टरांना पुन्हा विचारून घ्या.

दोन वर्षांपूर्वी आषाढात माझे बाबा विहिरीच्या चिऱ्याच्या पायरीवर शेवाळावरून घसरले. चार बरगड्या. शेजारच्या काकांनी मायेपोटी आंबेहळदीचा लेप लावून पंच्याने छाती आवळली. फिजिओथेरपिस्ट ताईंनी तो आधी सोडायला लावला. छाती बांधली की श्वास उथळ होतो, कफ साठतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. उतारवयात खरी भीती त्याचीच.

म्हणूनच गोळ्या वेळेवर द्या. बाबा म्हणायचे, "फारच दुखलं तर घेईन, सवय नको." पण दुखणं एकदा चढलं की उतरवणं कठीण. ताईंनी तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र दिलं होतं, श्वास आत ओढला की चेंडू वर जातात. गोळीआधी पहिला चेंडू जेमतेम हलायचा. पॅरासिटामॉल घेऊन तासाभराने दोन चेंडू वर जायचे. ते बघून बाबांनी स्वतःच घड्याळ लावायला सुरुवात केली. डोस मात्र डॉक्टरांनी सांगितला तेवढाच. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, तेही मोजा. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन ही वेदनाशामकं मनाने देऊ नका, मूत्रपिंडाला आणि पोटाला त्रास होतो. ट्रॅमाडॉल हे जास्त तीव्र वेदनाशामक दिलं असेल तर बद्धकोष्ठाचं औषध मागून घ्या, कुंथताना बरगड्या फार दुखतात.

खोकताना उशी छातीशी घट्ट कवटाळायची. खोकला दाबायचा नाही. आमचे बाबा पहिले दहा दिवस आरामखुर्चीतच झोपले. पडून राहू देऊ नका, पडवीत फेऱ्या मारू द्या. बरगड्या जुळायला साधारण सहा आठवडे लागतात.

गोळ्यांनीही खोल श्वास घेता येत नसेल, तर मोठ्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ सोनोग्राफीत बघून मज्जातंतूजवळ बधिरतेचं इंजेक्शन देतात. त्याबद्दल जरूर विचारा.

धाप, ताप, पिवळा किंवा रक्ताळलेला कफ, चक्कर, पोटात दुखणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. डावीकडच्या खालच्या बरगड्या असतील तर प्लीहेलाही (त्या बरगड्यांच्या आत असलेल्या अवयवालाही) मार लागलेला असू शकतो. पावसात दरड कोसळून घाट कधी बंद होईल सांगता येत नाही, तेव्हा गाडी आधीच सांगून ठेवा.