डंडीचा ज्यूट आणि आपला ताग

प्रश्न असा आहे: स्कॉटलंडमधल्या डंडी शहराच्या उद्योगांविषयी मराठीत लिहिताना 'ज्यूट मिल'ला 'तागाची गिरणी' म्हणावं का? विचारणाऱ्यांच्या घरी खरिपात ताग पेरून तो फुलोऱ्यावर आला की नांगरून जमिनीत गाडतात. शाळेत मात्र 'ताग बंगालमध्ये पिकतो' असं शिकवलं. मग खरा ताग कोणता?

शंका अगदी रास्त आहे, कारण ही दोन वेगळी झाडं आहेत. आपल्या शेतातला हिरवळीच्या खताचा ताग पिवळ्या फुलांचा, शेंगा धरणारा, जमिनीला नत्र देणारा. संस्कृतात त्याला 'शण' म्हणतात. बंगालचा ज्यूट द्विदल कडधान्यांच्या कुळातला नाहीच, तो भेंडी-अंबाडीच्या गोतातला. दोन्हींची साल पाण्यात कुजवून वाख काढतात, त्यामुळे पुस्तकं लिहिणाऱ्यांनी हाताशी असलेलं 'ताग' हे नाव ज्यूटलाही लावलं असावं. ते आता रुळलंय, त्याला चूक म्हणणार नाही. पण डंडीबद्दल लिहिताना मी 'ज्यूट'च लिहीन.

एक तर हा शब्द परका नाहीच. बंगालीत झुटो, ओडियात झोट, आणि मागे संस्कृत 'जूट'. आपण शंकराच्या वर्णनात 'जटाजूट' म्हणतो, तोच हा जूट. सोललेल्या सालीच्या लांब सोनेरी बटा पाहिल्या की नाव कसं पडलं हे सांगावं लागत नाही. इंग्रजांनी तो बंगालातून उचलला आणि मालाबरोबर डंडीला नेला.

डंडी आधी जवसाच्या धाग्याचं, म्हणजे लिननचं गाव. ज्यूट तिथे आला तेव्हा तो इतका कोरडा आणि राठ होता की यंत्रावर तुटायचा. डंडी देवमाशांच्या शिकारीचंही बंदर होतं. देवमाशाचं तेल आणि पाणी मारून धागा मऊ करायची युक्ती १८३०च्या दशकात साधली आणि शहराचं नशीब पालटलं. पुढे क्रिमियाच्या युद्धात (१८५३-५६) रशियाचा जवसधागा अडला, अमेरिकेतल्या यादवीत पोत्यांची मागणी वाढली. लॉकी भागातल्या कॉक्स बंधूंच्या कॅम्परडाउन कारखान्यात सुमारे ५,००० माणसं राबत. १८६५-६६मध्ये बांधलेलं त्याचं २८२ फुटी धुराडं अजून उभं आहे. पण १८५५मध्ये हुगळीकाठी रिश्र्याला गिरणी निघाली, तीही डंडीहून आणलेल्या यंत्रांवर. शतक संपता संपता कलकत्त्याने डंडीला मागे टाकलं. यंत्रं आणि देखरेख करणारे साहेब डंडीनेच पुरवले होते, ही गोष्ट मला फार हलवून जाते.

तयार मालासाठी मात्र मराठी शब्द बिनधास्त वापरा. 'हेशियन' म्हणजे आपलं गोणपाट, स्लॅबवर ओलं करून टाकतात तेच. जाडं कापड ते तरट. बाजार समितीत रिकाम्या पोत्यांना बारदान म्हणतात, व्यापाराचा संदर्भ असेल तिथे तो शब्द चपखल बसेल. आणि इंग्रजीतला 'गनी' तर आपल्याच 'गोणी'वरून गेला आहे. हा शब्द पाणिनीच्या सूत्रातही सापडतो.

आता 'गिरणी'. इथे जास्त जपायला हवं, कारण डंडीत 'मिल' म्हणजे सूत कातण्याची जागा आणि 'फॅक्टरी' म्हणजे विणण्याची. आपण दोन्हींना गिरणीच म्हणतो. तिथे बहुसंख्य कामगार बायका होत्या, इतक्या की शहराला 'बायकांचं गाव' म्हणत आणि घरी बसणाऱ्या नवऱ्यांना 'किटली उकळणारे'. या बायकांमध्येही पायरी होती. विणणाऱ्या टोपी आणि हातमोजे घालून कामाला जात, कातणाऱ्या डोक्यावरून शाल घेत, आणि विणणाऱ्या स्वतःला वरच्या समजत. मजकुरात दोघींना सरसकट 'गिरणी कामगार' केलं तर हा भेद पुसला जाईल. 'सूतगिरणी' आणि 'विणकामाचा कारखाना' असे दोन शब्द ठेवा.