अमेरिकेतल्या होपी या मूळनिवासी लोकांचं हाताने रंगवलेलं मडकं अस्सल आहे हे कसं ओळखायचं?
आधी आतून बोट फिरवा. होपी मडकं चाकावर होत नाही. मातीच्या वळ्या रचून घडवतात, दगडाने घोटतात, युक्का या वाळवंटी झाडाच्या पानाच्या कुंचल्याने रंगवतात. त्यामुळे जाडी थोडी कमीजास्त लागतेच. साच्यातलं भांडं आतून एकसारखं असतं. मेंढ्यांच्या वाळलेल्या लेंड्यांच्या उघड्या भट्टीत पिवळ्या-केशरी छटा, कधी काळपट डागही येतात. तो दोष नव्हे. मला तर तेच आवडतात.

सहीवर फार विसंबू नका. सिक्याटकी या ओसाड होपी गावातल्या प्राचीन नक्षीला नवं रूप देणारी कुंभारीण नाम्पेयो (निधन १९४२) स्वतः सही करत नसे. शक्य असेल तर ॲरिझोनात फर्स्ट मेसा या होपींच्या पठारावर कुंभारणीकडूनच घ्या. आणि त्यात पाणी भरू नका, रंग-घोटाई दोन्ही बिघडतं.